शून्याचा हट्ट

नागपुरात एकच शून्य पक्कं आहे, आणि ते दगडाचं आहे. झिरो माइल. बाकी कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी "झिरो" म्हणालं की आजकाल माझ्या पोटात गोळा येतो. विशेषतः "झिरो डेटा लॉस". स्लाइडवर हे तीन शब्द फार देखणे दिसतात. डावीकडे एक डबा, उजवीकडे एक डबा, मधे एक बाण. डाव्या डब्यात आपला डेटा, उजव्यात त्याची कॉपी. बाण छोटा असतो, सरळ असतो, आणि तो पार करायला किती वेळ लागतो हे कुठेही लिहिलेलं नसतं.

आजचा लेख त्या बाणाबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तर्री पोहे खायला निघायचंय ते मोकळे. स्टोरेजमधल्या प्रत्येक व्हॉल्यूमसाठी शून्य नुकसान मागणं ही काळजी नाही, ती निर्णयातून पळवाट आहे. कोणता डेटा किती मोलाचा हे ठरवायचा कंटाळा येतो, किंवा भीती वाटते, म्हणून सरसकट सगळ्यालाच शून्य. आणि त्या शून्याचं बिल भलताच माणूस भरतो.

तर झालं असं.

मी हिंगण्याचा. शाळा इथली, इंजिनियरिंग हिंगणा रोडवरच्याच एका कॉलेजातून. वर्गातले निम्मे पुण्याला गेले, उरलेल्यांतले निम्मे बंगळुरूला. मी इथेच एका छोट्या आयटी कंपनीत लागलो. काम काय, तर लोकांचं स्टोरेज सांभाळणं. आमचे बरेचसे ग्राहक हिंगणा एमआयडीसीतले. त्यातला एक सुटे भाग बनवणारा कारखाना. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

त्यांचा मुख्य सर्व्हर आणि स्टोरेज इथे, हेड ऑफिस मुंबईकडे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ठरलं की स्टोरेजची कॉपी मुंबईकडच्या एका डेटा सेंटरमध्ये ठेवायची. उद्या इथे आग लागली, पाणी शिरलं, तर धंदा बुडायला नको. ठरलं ते चांगलंच. त्यासाठी एक एक्सेल शीट आली. तिच्यात एक रकाना होता, "आरपीओ". ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी: आरपीओ म्हणजे अपघात झालाच तर किती मिनिटांचं काम हरवलेलं चालेल. आणि आरटीओ म्हणजे किती वेळात दुकान पुन्हा उघडायचं. (गाड्या पास करतात ते आरटीओ वेगळं :-) )

आरपीओच्या रकान्यात कुणीतरी "०" लिहिलं. कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. हेड ऑफिस म्हणे ऑडिटरने लिहिलं. ऑडिटर म्हणे सप्लायरच्या स्लाइडवर होतं. सप्लायर म्हणे ग्राहकाचीच मागणी होती. पण ३८ च्या ३८ व्हॉल्यूम निवडून "सिंक्रोनस" या शब्दासमोर टिक करणारा हात माझा होता, एवढं मला नक्की माहीत आहे. शंका आली नव्हती असं नाही. आली होती. मीटिंगमध्ये सहा जण होते, सगळे माझ्याहून सिनियर. मी गप्प बसलो.

आता सिंक्रोनस म्हणजे काय? समजा कारकून चलन लिहितो, शिक्का मारतो, चला पुढे. ही साधी पद्धत. सिंक्रोनस पद्धतीत हिंगण्याचा कारकून चलन लिहितो, मग मुंबईच्या कारकुनाला फोन लावतो, तो त्याच्या वहीत तेच उतरवतो, "लिहिलं" असं सांगतो, आणि मगच इकडे शिक्का पडतो. तोवर पार्टी काउंटरवर उभी. फायदा उघड आहे: हिंगण्याची वही जळाली तरी मुंबईच्या वहीत शेवटची ओळसुद्धा सापडणार. तोटा त्या फोनमध्ये आहे.

फोनला किती वेळ? इथे सप्लायर, ऑडिटर, मॅनेजर कुणाचंच काही चालत नाही, इथे प्रकाशाचं चालतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरमागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. समृद्धी महामार्ग आमच्या हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो आणि ७०१ किलोमीटरवर भिवंडीजवळ आमण्याला संपतो. केबल अगदी त्या रस्त्याला चिकटून टाकली, मधे एकही यंत्र नाही असं धरलं, तरी ७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात लाइन वळसे घेत जाते, मधे दहा ठिकाणी थांबते. आमची मोजली तर १८ भरली.

१८ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. मीही तेच म्हटलं होतं. पण डेटाबेस एक इनव्हॉइस बनवताना एकच नोंद करत नाही. त्या कारखान्याचं सॉफ्टवेअर जुनं, ओळ-ओळीला कमिट करणारं. एका इनव्हॉइसला लॉगमध्ये साधारण ३०० नोंदी, आणि एक पक्की झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. फ्लॅश स्टोरेजवर एका नोंदीला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे पूर्वी ३०० नोंदींना १५० मिलिसेकंद लागायचे. कळायचंही नाही. आता प्रत्येक नोंदीत १८ मिलिसेकंदांची मुंबईवारी. ३०० गुणिले साडेअठरा, म्हणजे साडेपाच सेकंद. आणि इनव्हॉइस नंबरची मालिका एकच. एकाचं इनव्हॉइस बनत असताना ती मालिका कुलूपबंद. आठ काउंटरवरून आठ जणांनी एकदम बटण दाबलं तर आठव्याचा नंबर ४४ सेकंदांनी.

फेब्रुवारीत कुणाला जाणवलं नाही, कारण काम कमी होतं. मग आला ३१ मार्च.

वर्षअखेरीचा डिस्पॅच ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. वर्षभराचं टार्गेट त्या एका संध्याकाळी गाठायचं असतं. गेटबाहेर ट्रक रस्त्यापर्यंत लागले. इनव्हॉइस निघेना, इनव्हॉइस नाही तर ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही तर गाडी हलत नाही. डिस्पॅचच्या काउंटरवर एक काका बसायचे. बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात. त्यांनी मला फोन केला, "काऊन रे भाऊ, तुमची मशीन काऊन झोपून राहिली?"

मी डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवं. सीपीयू १२ टक्के. डिस्क आरामात. रेप्लिकेशनसमोर "हेल्दी". आणि मी, इंजिनियर माणूस, काकांना म्हणालो, "काका, सिस्टिम तर ठीक आहे. तुमच्याकडूनच काही चुकत असेल, एकदा लॉगआउट करून बघा."

काकांनी लॉगआउट करून बघितलं. अकरा ट्रक त्या रात्री सुटले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात काकांना मेमो मिळाला: वर्षअखेरीच्या डिस्पॅचमध्ये हलगर्जीपणा. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

मला हे कळलं ते कँटीनमध्ये, तिसऱ्याच माणसाकडून. तो मेमो खरं तर माझ्या नावाचा होता. त्या आठवड्यात मी स्टोरेजचे जुने आकडे उपसून काढले आणि नोंदीला लागणाऱ्या वेळेचा आलेख काढला. रेप्लिकेशन सुरू केलं त्या दिवशी रेषा अर्ध्यावरून साडेअठरावर चढली होती आणि तिथेच राहिली होती. ३१ मार्चला तिने काही नवं केलंच नव्हतं. आलेख घेऊन मी प्लांट मॅनेजरकडे गेलो. त्यांना पाच मिनिटांत समजलं, माणूस समजूतदार. मेमो मागे घेतला, पण तोंडी. फाइलमधला कागद फाइलमध्येच आहे.

तुम्ही म्हणाल, एका कारखान्यातल्या एका अडाण्या सेटअपची गोष्ट, तिच्यावरून काय सिद्धांत मांडतोस? ठीक आहे, मग मोठ्यांची गोष्ट बघू.

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं कामकाज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलं. दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झालं आणि त्या दिवशी पाचपर्यंत चाललं. मधले चार तास देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार बंद होता. एनएसईने नंतर दिलेलं स्पष्टीकरण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचण्यासारखं आहे. मुंबईतली मुख्य साइट आणि जवळची दुसरी साइट यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या. रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामामुळे दोन्हींवर गडबड झाली. इथपर्यंत समजू शकतो, मुंबईत खोदकाम नाही असा रस्ता दाखवा. पण पुढे काय झालं बघा. लाइन गेल्यावर मुख्य साइटवरचं स्टोरेज अनपेक्षित वागलं आणि तिथल्याच सर्व्हरना दिसेनासं झालं. क्लिअरिंग कंपनीची जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली, आणि जोखीम मोजता येत नसेल तर सौदे चालू ठेवता येत नाहीत.

म्हणजे कॉपी ठेवायची लाइन तुटली आणि मूळ प्रतच हाताला लागेना. घरात चोरी होऊ नये म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी, आणि शेजारी गावाला गेला म्हणून आपल्याच घराचं दार उघडू नये, तसं. लांबची आपत्ती साइट चेन्नईला होती, पण त्या दिवशी कारभार तिकडे हलवला गेला नाही. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने मिळून ७२ कोटींहून जास्त रक्कम सेबीकडे भरून हे प्रकरण तडजोडीने मिटवलं.

आता या गोष्टीतली खरी गंमत सेबीच्या नियमांत आहे. शेअर बाजारांना सेबी दोन वेगळ्या जागा ठेवायला सांगते. एक जवळची, तिचं काम डेटा अजिबात न हरवणं. दुसरी लांबची, शक्यतो वेगळ्या भूकंप क्षेत्रात, ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटरवर. तिचं काम दुकान पुन्हा उघडणं. त्या घटनेनंतर महिन्याभरात, मार्च २०२१ मध्ये सेबीने जे परिपत्रक काढलं त्यात आरटीओ ४५ मिनिटांचा आणि आरपीओ १५ मिनिटांचा सांगितला. पंधरा मिनिटं! चार तास बाजार बंद पडून सगळा देश बोंबलत असतानासुद्धा सेबीने शेकडो किलोमीटरवर शून्य मागितलं नाही, कारण ते मागून मिळत नाही हे तिथे कुणाला तरी माहीत होतं.

देशाच्या शेअर बाजाराला १५ मिनिटं चालतात, आणि हिंगण्यातल्या कारखान्याच्या कँटीनच्या हिशोबाला शून्य पाहिजे? हो, त्या ३८ व्हॉल्यूममध्ये कँटीनच्या कुपनांचा एक होता. डेटाबेसच्या तात्पुरत्या कामाचा एक होता, ज्याच्यातला मजकूर सर्व्हर रिस्टार्ट झाला की तसाही पुसला जातो. तोसुद्धा आम्ही इमानेइतबारे, एकेका ओळीची पोच घेत, मुंबईला पाठवत होतो. रात्रीचा बॅकअप ज्या व्हॉल्यूमवर पडायचा तोही. म्हणजे आधी मूळ डेटा पाठवायचा, मग त्याचाच बॅकअप पुन्हा पाठवायचा.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "अरे, बँडविड्थ स्वस्त झालीय, मोठी लाइन घ्या." हे ऐकलं की मला समृद्धीवर जाऊन उभं राहावंसं वाटतं. तो रस्ता सहा पदरी आहे. उद्या बारा पदरी केला तर एका वेळी दुप्पट गाड्या जातील, पण भिवंडी ७०१ किलोमीटरवरच राहील. मोठी लाइन म्हणजे जास्त पदर. आमच्या काकांचं इनव्हॉइस एकामागे एक चालणाऱ्या ३०० गाड्यांचं होतं, पहिली पोचल्याचा निरोप आल्याशिवाय दुसरी निघतच नव्हती. त्याला पदर वाढवून काय मिळणार?

मग दुसरं उत्तर: "बरं, असिंक्रोनस करा." म्हणजे इकडे शिक्का लगेच मारायचा, मुंबईला मागाहून कळवायचं. बरोबर आहे, लांबच्या अंतराला हाच मार्ग. पण इथे दुसरा खड्डा आहे, आणि त्यात मी माझ्याहून हुशार लोक पडलेले बघितलेत. त्या खड्ड्याचं नाव सरासरी.

गोल आकडे घेऊ. लाइन १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. कारखान्यात दिवसभरात ४४६ जीबी लिहिलं जातं. ८६,४०० सेकंदांनी भागा: सेकंदाला ५.२ मेगाबाइट. "दुपटीहून जास्त जागा आहे, निवांत!" असं म्हणून लाइनची ऑर्डर जाते. पण दिवसाचं काम सपाट नसतं. समजा संध्याकाळी ५ ते ७ सेकंदाला ४० मेगाबाइट लिहिलं जातं आणि उरलेले बावीस तास २ मेगाबाइट. बेरीज तीच, ४४६. आता ७ वाजता काय स्थिती? दोन तासांत लिहिले २८८ जीबी, लाइनने नेले ९० जीबी. १९८ जीबी दाराशी पडून. मुंबईची कॉपी त्या क्षणी ८२ मिनिटं मागे, आणि कागदावर आपण १५ मिनिटं लिहून सही केलेली. तो ढीग उपसायला मध्यरात्र उलटते. आणि यात रात्रीचा बॅकअप धरलेलाच नाही.

हा ढीग जिथे साठतो ती जागाही मोजकी असते. ती भरली की स्टोरेजपुढे दोनच रस्ते उरतात: एक तर कॉपी करणं थांबवायचं, नाहीतर मूळ कामाला ब्रेक लावायचा. यातलं काय निवडायचं याची एक सेटिंग असते. किती जणांनी ती उघडून बघितलीय? सिंक्रोनसमध्येही अशीच एक सेटिंग असते: लाइन तुटली तर इकडे लिहिणं चालू ठेवायचं की बंद करायचं? चालू ठेवलं तर शून्याचं वचन मोडलं. बंद केलं तर दुकान बंद. तिसरा पर्याय नाही. "झिरो डेटा लॉस" म्हणणाऱ्याने खरं तर "लाइन तुटली तर माझा कारखाना थांबला तरी चालेल" यावरही सही केली पाहिजे. मी आजवर एकाही स्लाइडवर हे दुसरं वाक्य बघितलेलं नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण हा लेख वाचून कुणी "चला, कॉपीची कटकटच नको" म्हणेल तर पाप मला लागेल. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. ७०९ सरकारी सिस्टिम बंद पडल्या. त्यात जी-ड्राइव्ह नावाची एक साठवण होती, सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं ठेवायची जागा. ८५८ टेराबाइट. तिची बाहेर कुठेही कॉपी नव्हती. कारण काय सांगितलं? आकार फार मोठा होता म्हणून. सगळं गेलं.

काही जण म्हणतील, बघ, म्हणूनच सगळ्याला शून्य पाहिजे. मला नेमकं उलटं दिसतं. "सगळंच शून्य" म्हणणारा आणि "सगळंच फार मोठं" म्हणणारा, दोघांनीही एकच काम टाळलेलं असतं: ढीग उपसून वेगवेगळे करणं. ८५८ टेराबाइटमधल्या प्रत्येक फाइलला मिनिटामिनिटाची कॉपी लागत नव्हती. आठवड्यातून एकदा, रात्री, सावकाश, बाहेरगावी गेलेली एक प्रत असती तर लोकांचं वर्षानुवर्षांचं काम राखेत गेलं नसतं. आठवड्याची कॉपी चालेल असं म्हणायलाही कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो.

आणखी एक. रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. इकडे कुणी चुकून टेबल उडवलं, तर तिकडेही ते तितक्याच तत्परतेने उडतं. सिंक्रोनस असेल तर १८ मिलिसेकंदांत. :-)

मग आम्ही त्या कारखान्यात काय केलं? काही भारी केलं नाही. महिनाभर प्रत्येक व्हॉल्यूमवर मिनिटाला किती लिहिलं जातं ते मोजलं. दिवसाची सरासरी नाही, मिनिटाचा आकडा, आणि महिनाअखेर धरून. मग खात्याखात्यांत गेलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हा डेटा किती वेळाचा गेला तर तुम्ही हाताने पुन्हा भरू शकाल? उत्तरं ऐकून मी थक्क झालो. आयटीत आम्ही ज्याला जिवापाड जपत होतो त्याच्याबद्दल लोक म्हणाले, "एक दिवसाचा गेला तरी चालेल, कागदावर असतो." आणि गेटच्या वजनकाट्याचा डेटा, ज्याला आम्ही किरकोळ समजत होतो, त्याबद्दल काका म्हणाले, "तो एक मिनिटाचा बी गेला तर गाडी पुन्हा कुठून आणायची?"

३८ चे चार ढीग झाले. पाच व्हॉल्यूम खरोखर शून्याचे: मुख्य डेटाबेस, त्याचा लॉग, वजनकाटा वगैरे. त्यांची सिंक्रोनस कॉपी आवारातल्याच दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये, आणि तिथून पुढे मुंबईला मागाहून. डेटाबेस आणि त्याचा लॉग एकाच गटात बांधले, नाहीतर मुंबईला एक पुढे, एक मागे पोचतो आणि दोन्ही असून काही उघडत नाही. चौदा व्हॉल्यूम मुंबईला पंधरा मिनिटांच्या हिशोबाने. बारा रात्री एकदा. आणि सात कुठेच नाहीत, त्यांना पाठवायचं कारणच नव्हतं. नव्या मांडणीसाठी लागणारी दहा टेराबाइटची पहिली कॉपी लाइनवरून न्यायची म्हटली तर नऊ दिवसांहून जास्त, आणि तेवढे दिवस बाकी सगळं गुदमरणार. ती आम्ही कुलूपबंद, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर भरून गाडीने पाठवली. समृद्धीवरून एका दिवसात पोचली.

इनव्हॉइसची नोंद आता अर्ध्याच्या जागी पाऊण मिलिसेकंद घेते. कुणाला कळतही नाही.

सगळ्यात अवघड काम यातलं एकही नव्हतं. अवघड होतं त्या एक्सेल शीटमध्ये दोन रकाने वाढवणं: "लाइन तुटली तर थांबायचं की चालू ठेवायचं" आणि "सही". प्रत्येक व्हॉल्यूमसमोर एका माणसाची सही. शून्य मागायला सगळे पुढे असतात, पण "थांबायचं" यापुढे सही करायला पेन कुणाचंच निघत नाही. ३८ पैकी ३३ जणांचा शून्याचा हट्ट त्या एका रकान्याने सोडवला. मी काहीच बोललो नाही, फक्त शीट पुढे सरकवली. मग एका रविवारी, कारखाना बंद असताना, आम्ही स्वतःच्या हाताने लाइनची केबल उपटली आणि काय होतं ते बघत बसलो. दोन गोष्टी बिघडल्या. त्या रविवारी बिघडल्या हे बरं झालं, ३१ मार्चला बिघडल्या असत्या.

माझ्या वयाच्या, माझ्याच धंद्यातल्या मित्रांना एवढंच सांगायचंय. मॅनेजरला शिव्या घालणं सोपं आहे, सप्लायरला त्याहून सोपं. पण शेवटची टिक आपण करतो. प्रकाशाचा वेग त्या मीटिंगमधल्या सहा जणांपैकी फक्त आपल्याला माहीत असतो. ७०१ भागिले १०० हे गणित करायला सिनियर असावं लागत नाही. ते गणित मोठ्याने करायची हिंमत त्या दिवशी माझ्याकडे नव्हती, आणि त्याची किंमत बत्तीस वर्षं प्रामाणिकपणे काउंटर सांभाळलेल्या माणसाने भरली.

काका गेल्या वर्षी रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. शाल-नारळ झालं, भाषणं झाली, समोसे झाले. निघताना मी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मधेच विचारलं, "आता जागी असते ना रे तुमची मशीन?"

असते, म्हणालो. पण फाइलमधल्या त्या कागदाचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.